लोखंडे यांचा रविवार आणि विषाची मर्यादा

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव रविवारच्या सुटीपुरतेच स्मरणात राहिले आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत थिनरच्या वाफेत रंगकाम करणाऱ्या कामगाराशीही त्यांचे नाते आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

१८४८ साली ठाण्यास जन्मलेल्या लोखंडे यांनी रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली. पुढे मांडवीच्या गिरणीत भांडारपाल असताना कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. १८८० साली पुण्याचे ‘दीनबंधु’ मुंबईस आणून या सत्यशोधकाने ते कामगारांच्या कैवारासाठी चालविले. १८८१ च्या कारखाने कायद्याने बालकांच्या कामाच्या तासांस मर्यादा घातली. प्रौढांच्या कामाच्या तासांस मात्र कोणतीच मर्यादा नव्हती. १८८४ साली लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. साप्ताहिक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्तास कामाचा शेवट व जखमी कामगारास भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे यांचा अंत झाला.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन विषारी द्रव्यांची कमाल प्रमाणे निश्चित झाली. थिनरमध्ये सर्रास आढळणाऱ्या टोल्यूइनसाठी हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग हे प्रमाण ठरले. परंतु हा आकडा आठ तासांच्या पाळीची सरासरी होय. उरलेल्या सोळा तासांत व सुटीच्या दिवशी शरीर ते विष बाहेर टाकील, हे त्यात गृहीत आहे. पाळी बारा तासांची झाली की विष दीडपट आत जाते आणि ते बाहेर टाकण्यास बाराच तास उरतात. म्हणूनच एका रूढ सूत्रानुसार अशा पाळीसाठी मर्यादा निम्म्यावर आणावी लागते. डोकेदुखी व भोवळ ही तर केवळ सुरुवात असते. दीर्घकाळच्या संसर्गाने मज्जासंस्थेस कायमची हानी पोहोचू शकते.

२०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे एकूण तास तेवढेच राहतात, हे समर्थन पुरेसे नाही. एका दिवसात श्वासावाटे किती विष गेले, याचा जाब शरीर त्याच दिवशी विचारते. बारामती-इंदापुरात द्रावके वापरणाऱ्या ज्या कारखान्यास पाळी लांबवावयाची असेल, त्याने आधी हवेची मोजणी करावी आणि मर्यादाही त्या प्रमाणात खाली आणावी. ते जमत नसेल, तर द्रावकाच्या खोलीत आठ तासांची पाळीच कायम ठेवणे हे कर्तव्य ठरते. लोखंडे यांनी मागितलेली विश्रांती ही कामगारावरील मेहेरबानी नव्हती. तिच्यावाचून या मर्यादांना काहीच अर्थ उरत नाही.