टिम बर्किन आणि आमची जळालेली मोटर

स्मरणिकेसाठी प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच, असं फर्मान ग्रुपवर आलं, तेव्हा मी इतरांसारखीच शाळेच्या आठवणी लिहायला बसले होते. पण त्याच आठवड्यात माझं एका मैत्रिणीशी भांडण झालं आणि लेखाचा विषयच बदलला.

मैत्रीण आपल्याच वर्गातली, पाचवीपासून माझ्या बाकावरची. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. ती इंग्लंडमध्ये असते. गेल्या वर्षी तिनं दोन सीटची एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. आपण नववीत होतो त्या सुमारास कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर बसवायचा बेत आहे. मी वीसेक वर्षं इंजिन-कंट्रोलचं सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून तिनं सामानाची यादी मला पाठवली आणि यातून किती हॉर्सपॉवर निघेल, असं विचारलं. मी यादी नीट न वाचताच, या भानगडीत पडू नकोस, असं उत्तर दिलं. तिला ते लागलं. तू नववीतही हेच म्हणाली होतीस, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तिला समजवायला चांगलं उदाहरण हवं, म्हणून मी टिम बर्किनचं चरित्र पुन्हा चाळायला घेतलं. माझीच बाजू बळकट होईल, अशी खात्री होती. झालं थोडं वेगळंच.

आधी सुपरचार्जर म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत आणि मराठीच्या बाईही हे वाचणार आहेत. इंजिनात पेट्रोल किती जाळता येईल हे आत हवा किती जाते त्यावर ठरतं. जास्त हवा घ्यायची तर इंजिन मोठं बांधा, किंवा आहे त्याच इंजिनात पंपानं हवा कोंबा. हा पंप इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो, तोच सुपरचार्जर. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं, तशी ही कोंबलेली हवाही तापते. मग पेट्रोल नको त्या क्षणी पेट घेतं, पिस्टनवर घाव बसतात, बेअरिंगवर ताण येतो. मिळालेल्या प्रत्येक हॉर्सपॉवरबरोबर उष्णताही येते, आणि ती कुठेतरी बाहेर काढावीच लागते.

हेन्री राल्फ स्टॅन्ली बर्किनचा जन्म १८९६ साली नॉटिंगहॅमचा. घराणं लेसच्या व्यापारातलं, गडगंज. टायगर टिम या मुलांच्या चित्रकथेतल्या पात्रावरून त्याला लहानपणी टिम नाव पडलं, ते कायमचं चिकटलं. पहिल्या महायुद्धात तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होता. पॅलेस्टाइनच्या आघाडीवर त्याला मलेरियानं गाठलं आणि त्या आजारानं पुढे जन्मभर त्याची पाठ सोडली नाही. युद्धानंतर १९२१ मध्ये तो ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर उतरला, पण घरच्यांच्या दबावामुळे लवकरच थांबला. १९२७ साली त्याचा धाकटा भाऊ आर्ची आइल ऑफ मॅनच्या मोटरसायकल शर्यतीचा सराव करताना मेला. त्याच वर्षी टिम शर्यतींकडे परतला, आणि परतला तो बेंटली गाडी घेऊन.

बेंटलीचा कर्ता वॉल्टर ओवेन बेंटली. सगळे त्याला डब्ल्यू. ओ. म्हणत. हा रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केलेला, मोजूनमापून चालणारा इंजिनिअर. फ्रान्समधली ल मान्सची शर्यत चोवीस तासांची असते. तिथे जिंकायचं तर गाडी सकाळपर्यंत टिकली पाहिजे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जास्त ताकद हवी असेल तर तो इंजिन मोठं करी. तीन लिटरच्या पुढे साडेचार आणि साडेसहा लिटरची इंजिनं त्यानं बांधली. सुपरचार्जरचं नाव काढलं तरी त्याला पटत नसे.

बर्किन वेगळ्या कुळातला. बुटका, सडपातळ, बोलताना अडखळणारा. पण गळ्यात निळा-पांढरा ठिपक्यांचा रेशमी रुमाल बांधून स्टिअरिंगमागे बसला, की माणूस बदलायचा. सुपरचार्जर लावलेल्या परदेशी गाड्या तो पाहत होता. साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लावायचा, हे त्याच्या मनानं घेतलं. डब्ल्यू. ओ. नाही म्हणाला. मग बर्किन कंपनीचा अध्यक्ष आणि मुख्य भांडवलदार वूल्फ बर्नाटोकडे गेला आणि त्याच्याकडून होकार मिळवून आला.

वेल्विन गार्डन सिटीत बर्किननं स्वतःचा कारखाना उभारला. सुपरचार्जर ॲमहर्स्ट व्हिलियर्स या इंजिनिअरनं आखला. कारखान्यातली जाण क्लाइव्ह गॅलपची होती, आणि तो बेंटलीच्या पहिल्या इंजिनावर काम केलेला माणूस. बर्किनचे पैसे संपले तेव्हा डोरोथी पॅजेट ही श्रीमंत वारसदार पाठीशी उभी राहिली. शर्यतीचे घोडे पाळणाऱ्यांत पुढे तिचं नाव गाजलं. ल मान्सच्या नियमांसाठी अशा ५० गाड्या बनवणं भाग होतं. शर्यतीच्या पाच धरून एकूण ५५ झाल्या.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. इंजिनाची मूळ मांडणी बदलायला डब्ल्यू. ओ. तयार नव्हता. त्यामुळे सुपरचार्जर बसवायला जागा उरली ती बाहेरच. तो क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरच्याही पुढे, नाकासारखा टांगला गेला. त्या गाडीचा फोटो पाहिलात तर चाकांच्या मधे ते धूड लगेच दिसेल. पिस्टन, क्रँकशाफ्ट, तेलाची व्यवस्था या गोष्टी सुधारल्या, पण हाडं जुनीच. ताकद मात्र खरी होती. साध्या गाडीचे ११० हॉर्सपॉवर, सुपरचार्जरनं १७५, आणि शर्यतीच्या गाडीत २४० पर्यंत. किंमतही खरी होती. पुढचं टोक जड झालं, वळणावर गाडी हट्टीपणा करू लागली, आणि पूर्ण वेगात पेट्रोल मिनिटाला चार लिटरच्या हिशेबानं जाऊ लागलं. जून १९२९ मध्ये पहिली ‘ब्लोअर’ बेंटली शर्यतीत उतरली. सुरुवातीचे महिने बिघाडांचेच गेले.

त्याच जूनमध्ये बर्किन ल मान्स जिंकला होता, बर्नाटोच्या जोडीनं. पण कोणत्या गाडीत? डब्ल्यू. ओ.च्या साडेसहा लिटरच्या, सुपरचार्जर नसलेल्या स्पीड सिक्समध्ये.

१९३०ची ल मान्स ही या गोष्टीतली मोठी रात्र. समोर रुडॉल्फ काराचिओलाची सात लिटरची मर्सिडीज होती. बर्किननं सुरुवातीलाच तिला गाठलं आणि दोन चाकं रस्त्याकडेच्या गवतात घालून मागे टाकलं. तेव्हा त्याच्या मागच्या टायरची साल निघत होती. मर्सिडीजला पळवून दमवायचं हे आधी ठरलेलं होतं की तो निव्वळ त्याचा स्वभाव होता, यावर आजही वाद चालतो. रात्री मर्सिडीज बंद पडली. दुसऱ्या दिवशी दोन्ही ब्लोअरही बंद पडल्या. पहिल्या आणि दुसऱ्या आल्या त्या पुन्हा दोन स्पीड सिक्स.

सप्टेंबरमध्ये पो शहराजवळच्या फ्रेंच ग्राँ प्रीला बर्किन त्याच अवजड गाडीत उतरला. भोवती हलक्याफुलक्या बुगाटी होत्या. त्याच्या गाडीचे दिवे-मडगार्ड काढले होते, तरी मूळची ती चार जणांची टूरर. तो दुसरा आला. लोकांना आजही आठवते ती हीच शर्यत. पण महिनाभरात पॅजेटबाईंनी हात आखडता घेतला. ब्रुकलँड्सची एका सीटची गाडी तेवढी त्यांनी त्याच्यासाठी ठेवली. १९३१ मध्ये बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसनं ती विकत घेतली. मंदीचा काळ होता, एकट्या ब्लोअरवर खापर फोडता येत नाही. पण ब्लोअरनं एकही मोठी शर्यत जिंकली नाही, हेही खरं.

इथवर वाचलं तेव्हा मी खूश होते. मैत्रिणीला पाठवायचा मेसेज मनात तयार झाला होता. मग पुढचं पान आलं.

१९३१ साली बर्किन ल मान्स पुन्हा जिंकला. या वेळी जोडीला अर्ल हाउ होता आणि गाडी होती इटलीची अल्फा रोमिओ ८सी २३००. चोवीस तासांत ३,००० किलोमीटरच्या पुढे जाणारी ही पहिली गाडी. इंजिन जेमतेम २.३ लिटरचं, म्हणजे बेंटलीच्या निम्मं. आणि त्याला सुपरचार्जर होता!

फरक जागेचा होता. वित्तोरिओ यानोनं ते इंजिन सुपरचार्जर धरूनच आखलं होतं. आठ सिलिंडरचे चार-चारचे दोन गट, मधोमध गिअरची साखळी, त्याच साखळीवर कॅमशाफ्ट आणि त्याच साखळीवर सुपरचार्जर. पहिल्या रेघेपासून तो घरातलाच माणूस होता, दारात उभा केलेला पाहुणा नव्हता. म्हणजे बर्किनची कल्पना चुकीची नव्हती. जे इंजिन तिच्यासाठी आखलेलं नव्हतं, त्याच्यावर ती बाहेरून लादली गेली होती. आणि ते तसं व्हायला नाही म्हणणारा डब्ल्यू. ओ.ही थोडा कारण होता. त्याच्या नकारानं सुपरचार्जर थांबला नाही. तो फक्त चुकीच्या जागी बसला.

पुढचं चरित्र थोडक्यात सांगते. मार्च १९३२ मध्ये पॅजेटबाईंच्या त्या एका सीटच्या ब्लोअरनं बर्किननं ब्रुकलँड्सच्या खडबडीत काँक्रीटवर ताशी १३७.९६ मैलांची, म्हणजे २२२ किलोमीटरची फेरी मारली. तो विक्रम १९३४ पर्यंत टिकला. एका फेरीसाठी ब्लोअरसारखी गाडी नव्हती. मे १९३३ मध्ये त्रिपोलीच्या ग्राँ प्रीत तो मासेराती घेऊन तिसरा आला. तिथे सिगारेटचा लायटर घ्यायला हात पुढे केला आणि तो तापलेल्या एक्झॉस्टला लागून भाजला. जखमेकडे त्यानं दुर्लक्ष केलं. रक्तात विष पसरलं, त्यात जुना मलेरिया. पेनिसिलिन अजून दवाखान्यांत आलेलं नव्हतं. २२ जून १९३३ रोजी तो लंडनमध्ये गेला. वय ३६. उष्णतेचा हिशेब शेवटी असा चुकता झाला.

आता नववीची गोष्ट. विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दोघींनी थर्माकोलचं हॉवरक्राफ्ट बनवलं होतं, आठवतं का कुणाला? जुन्या टेपरेकॉर्डरमधली सहा व्होल्टची मोटर होती. ते नुसतं थरथरायचं, उचललं जायचं नाही. आदल्या संध्याकाळी हिनं घरून बारा व्होल्टचा बॅटरी एलिमिनेटर आणला. मी नको म्हटलं. ती ऐकेना, तेव्हा मी दप्तर उचलून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी हॉवरक्राफ्ट टेबलावर झकास तरंगलं, परीक्षक वाकून बघायला लागले, आणि काही मिनिटांत जळक्या वॉर्निशचा वास सुटला. बाई रागावल्या नाहीत. प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. हे किती वेळ चालायला हवं होतं, एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं. आम्ही दोघी गप्प. कारण तिनं तो विचार केला नव्हता, आणि मी केला होता तरी तिला सांगितला नव्हता. मोटरभोवती थोडं थर्माकोल कापलं असतं, दर पाच मिनिटांनी थांबवलं असतं, तर तिसऱ्या दिवसापर्यंत ती कदाचित पोचली असती. हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण मी घरी जाऊन रुसून बसले होते.

तीस वर्षं मला ही तिच्या हट्टाची गोष्ट वाटत आली. बर्किन वाचल्यावर लक्षात आलं, की ती माझ्या नकाराचीही आहे. ऑफिसातही मी अशी अनेकदा नाही म्हणून बाजूला झाले आहे, आणि ते काम माझ्याशिवाय, बाहेरून टांगल्यासारखं, झालंच आहे.

तिची यादी परत उघडली. सुपरचार्जर, पुली, मोठे इंजेक्टर, क्लच. सगळं ताकद आणणारं किंवा पेलणारं. उष्णता बाहेर काढणारं त्यात काहीच नाही. मग मी तिला लिहिलं. गाडी रोज चालवणार आहेस, की सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर अर्धा तास? ते आधी ठरव, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पैसे खर्च करण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घे, तीस वर्षांचं इंजिन आहे. नवा रेडिएटर आणि इंटरकूलर यादीच्या वर टाक. दाब ०.४ बारच्या आसपास ठेव, जास्तीचा मोह नको. कॉम्प्युटर पुन्हा प्रोग्राम करता येणारा घे. इग्निशनचा आणि पेट्रोलचा नकाशा मी बसवून देते, रात्री जागून.

उत्तर दोन दिवसांनी आलं. कॉम्प्रेशनचे चार आकडे होते, आणि खाली तिनं विचारलं होतं, की तिसरा सिलिंडर जरा कमी दाखवतोय, तर काय करायचं. स्नेहमेळाव्याला ती येते आहे. प्रयोगशाळेतलं ते कोपऱ्यातलं टेबल अजून असेल, तर आम्ही दोघी तिथे लॅपटॉप उघडून बसलेल्या सापडू. बाई, तुम्हीही या. या वेळी किती वेळ चालायला हवं, ते आम्ही आधी ठरवलं आहे.