खेड्यातले संपादक : मुकुंदराव पाटील

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ १८३२ साली मुंबईस 'दर्पण' पत्राने झाला. दहा वर्षांनी अहमदनगरास 'ज्ञानोदय' निघाले. पुढे पुष्कळ पत्रे निघाली, परंतु बहुतेक शहरांतूनच. शेतकऱ्याच्या गावात छापखाना नेऊन तेथेच आयुष्य घालवणारे संपादक म्हणून मुकुंदराव पाटील यांचे नाव घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १८८५ सालचा. वडील कृष्णराव भालेकर हे महात्मा फुले यांचे सहकारी. त्यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचे पत्र सुरू केले. नगर जिल्ह्यातील तरवडीचे गणपतराव पाटील यांनीही १८८८ साली 'दीनमित्र' नावाचे मासिक काढले होते. त्यांच्या अकाली निधनाने ते बंद पडले. मुकुंदराव याच पाटील घराण्यात दत्तक गेले. अशा रीतीने जन्मदात्या पित्याचे कार्य आणि दत्तक घराण्याचे अपुरे राहिलेले पत्र, दोन्हींचा वारसा त्यांच्याकडे आला.

१९१० साली भालेकर वारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुकुंदरावांनी 'दीनमित्र' साप्ताहिक रूपाने पुन्हा सुरू केले. प्रथम सोमठाणे येथून व नंतर तरवडीहून.

त्या काळी खेड्यातून पत्र काढणे म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९११ च्या जनगणनेत साऱ्या हिंदुस्थानात साक्षर माणसे शेकडा सुमारे सहाच होती. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती, कर्जाचा कागद सावकाराच्या पेटीत. शेतकऱ्याने खाली अंगठा उठवायचा. वर काय लिहिले आहे ते दुसऱ्याने सांगायचे. १८७५ साली सुपे येथे व पुढे नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्याच्या मुळाशी हीच लाचारी होती. कागद जाळता येतो, पण अज्ञान जळत नाही. मुकुंदरावांनी शेतकऱ्याच्या हाती छापील अक्षर दिले. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे, अशीच ती अवस्था होती.

शेतकऱ्याला कोणती भाषा कळते हे ते जाणून होते. गावोगाव लोक पोथी ऐकत. म्हणून त्यांनी 'कुलकर्णी लीलामृत' हे काव्य पोथीच्याच ओवीत रचले व दप्तराच्या आडून होणारी लूट हसत हसत उघडी केली. लग्नात कर्ज काढून केलेला खर्च, अंधश्रद्धा, मुलांच्या शिक्षणाची हेळसांड यांवरही त्यांची लेखणी चाले.

शहरातील संपादक ज्यांच्यावर लिहितो ते त्याच्यापासून दूर असतात. येथे मात्र तसे नव्हते. ज्यांच्यावर टीका केली व ज्यांचे दोष दाखविले, ती माणसे वाटेत, बाजारात, चावडीवर भेटत. तेथे लिहिलेला शब्द खरा असावाच लागतो, आणि लिहिणाऱ्याची छातीही भक्कम असावी लागते. मुकुंदरावांनी हे व्रत ५७ वर्षे, म्हणजे १९६७ साली देहावसान होईपर्यंत चालविले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने रद्द झाली, हेही त्यांना पाहावयास मिळाले.

वाचकहो, लहान गावचे पत्र लहान दिसते. पण आपल्या गावचा हिशोब आपल्याला वाचता येणे ही लहान गोष्ट नव्हे. आजही आपल्या शेजारी कोणी न वाचता सही करीत असेल, तर त्याला थांबवून तो कागद वाचून दाखविणे, एवढे तरी आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.