सोयाबीन, स्टेरॉइड मलम आणि डॉ. पर्सी ज्युलियन

कोल्हापूर जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन घेणाऱ्यांना त्यातून तेल आणि पेंड निघते, हे ठाऊक असते. पण खाज-सूज शमवणारी स्टेरॉइड औषधे स्वस्त होण्यातही या दाण्याचा वाटा आहे. त्यामागे डॉ. पर्सी ज्युलियन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचे कष्ट आहेत.

ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामातील माँटगोमेरी येथे झाला. त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. डीपॉ विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण कृष्णवर्णीय असल्याने वसतिगृहात जागा मिळाली नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी करत होते, तोच हा काळ. ज्युलियन पडेल ते काम करून शिकले आणि १९२० मध्ये वर्गात पहिले आले. हार्वर्डमधून एम.ए. झाल्यावर १९३१ मध्ये त्यांनी व्हिएन्नातून डॉक्टरेट मिळवली.

काचबिंदूवरील फायसोस्टिग्मिन हे औषध त्यांनी १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. तरीही प्राध्यापकपद मिळाले नाही. मग १९३६ मध्ये ते शिकागोच्या ग्लिडन कंपनीत रुजू झाले. तेथे सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरून पांढरा साका जमला. तो टाकून न देता त्यांनी तपासला. त्यातील स्टेरॉलपासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवले.

१९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिझोनचा संधिवातावरील गुण दिसला. पण ते गुरांच्या पित्तापासून बनत असल्याने फार महाग होते. ज्युलियन यांनी १९४९ मध्ये सोयाबीनच्या स्टेरॉलपासून त्याच्या अगदी जवळचे ‘कंपाउंड एस’ तयार करण्याची पद्धत शोधली. स्टेरॉइडच्या रेणूत नेमक्या जागी ऑक्सिजन बसवण्याचे काम बुरशीकडून करून घेता येते, हे १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. त्याच वर्षी हायड्रोकॉर्टिझोनचे मलम इसबावर गुणकारी ठरल्याचे प्रसिद्ध झाले.

या यशाच्या काळातच, १९५० मध्ये, ओक पार्कमधील ज्युलियन यांचे नवे घर पेटवण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी घरावर डायनामाइट फेकले गेले. कुटुंबाने घर सोडले नाही. १९५३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. १९ एप्रिल १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

एवढ्या कष्टाने आवाक्यात आलेले हे औषध आज गोरे होण्यासाठी, मुरमांवर आणि गजकर्णावर सर्रास चोळले जाते. स्टेरॉइड त्वचेतील दाह दाबते, बुरशी मारत नाही. म्हणून गजकर्णावर लावले की दोन दिवस खाज थांबते, पण चट्टा पसरतो आणि ओळखूही येत नाही. तालमीतल्या पैलवानांमध्ये गजकर्ण एकाकडून दुसऱ्याला लागते. तेथे मित्राची ट्यूब वापरणे विशेष धोक्याचे. चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ व लाल होते, मुरमे येतात, नको तेथे केस उगवतात.

इसब किंवा सोरायसिस असेल, तर मात्र या मलमाला घाबरून चालत नाही. योग्य तीव्रतेचे मलम, ठरलेले दिवस, दिवसातून एकदा किंवा दोनदा पातळ थरात लावावे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावेल एवढे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा, काख, जांघ आणि लहान मुलांची त्वचा नाजूक असते. तेथे सौम्य मलमच, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्वचा कोरडी पडू नये म्हणून साधे मॉइश्चरायझर रोज वापरावे. अनेक महिने मलम लावले असेल, तर ते एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली, तर ते स्टेरॉइड आहे असे समजावे. अशी अनेक मलमे २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानात ट्यूब मागण्याआधी चट्टा डॉक्टरांना दाखवावा.