सभामंडप, माळरान आणि नांगर

किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) मुळात चित्रकार व्हायला निघाले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रंगांधत्व आड आले आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. बेळगावात त्यांनी घडविलेले लोखंडी नांगर दोन वर्षे पडून राहिले, कारण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पुढे नगरपालिकेच्या विस्तारात कारखान्याची जागाच गेली. अशा वेळी औंधचे (आता सातारा जिल्हा) बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम दिले. नांगर घडविणारा माणूस बांधकामाचा कंत्राटदार झाला! संस्थानिकांचा विश्वास मात्र मंडपापुरता नव्हता. १९१० मध्ये त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची (आता सांगली जिल्हा) ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने व सापांनी भरलेल्या त्या माळावर कारखाना उभा राहिला. त्याभोवती कामगारांची वसाहत वाढली. तेथील नांगर साधा होता. तो बैलांनी ओढायचा होता, आणि विलायतेवर अवलंबून न राहता येथेच ओतता येत होता. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा देऊ केल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.