जॉन चार्नली
सर जॉन चार्नली (२९ ऑगस्ट १९११ – ५ ऑगस्ट १९८२) हे इंग्लंडमधील अस्थिशल्यचिकित्सक होते. खुब्याचा संपूर्ण सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया भरवशाची करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. सांध्यातील वंगण आणि घर्षण यांचा त्यांनी केलेला अभ्यास हा या कार्याचा पाया होय.

प्रारंभिक जीवन

चार्नली यांचा जन्म लँकेशायर परगण्यातील बरी या गावी झाला. त्यांचे वडील औषधविक्रेते होते. मँचेस्टर येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९३५ साली ते पदवीधर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय दलात होते. इजिप्तमध्ये असताना त्यांनी लष्करी कार्यशाळेच्या साहाय्याने अस्थिशल्यकर्माची उपकरणे तयार करून घेतली. युद्धानंतर ते मँचेस्टरला परतले. अस्थिभंगांच्या उपचारांवरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

वंगणाचा अभ्यास

त्या काळी झिजलेल्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा काढून त्याजागी ॲक्रिलिकचा माथा बसवीत. फ्रान्समधील ज्युदे बंधूंनी ही पद्धत रूढ केली होती. असा माथा बसविलेल्या एका रुग्णाचा खुबा हालचालीबरोबर करकरत असे. त्या आवाजाने घरातील माणसेही त्रस्त झाली होती. आवाज होतो त्याअर्थी घर्षण अधिक आहे, हे चार्नली यांनी ओळखले आणि त्याचे कारण शोधण्यास आरंभ केला.

निरोगी सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते व तिला संधिद्रवाचे वंगण मिळते. अशा सांध्यातील घर्षण अत्यल्प असल्याचे त्यांना प्रयोगांत आढळले. मात्र हेच संधिद्रव कृत्रिम पृष्ठभागांना कूर्चेइतके उपयोगी पडत नाही. म्हणून कृत्रिम सांध्याचे द्रव्यच मुळात निसरडे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. घर्षणाचा विरोध आणखी घटावा यासाठी त्यांनी धातूच्या माथ्याचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर इतका लहान ठेवला. माथ्याचा दांडा हाडात घट्ट बसविण्यासाठी त्यांनी ॲक्रिलिकचे अस्थिसिमेंट वापरले.

टेफ्लॉनचे अपयश

खुब्याच्या वाटीसाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉन निवडले. रुग्णांच्या वेदना थांबल्या, ते चालू लागले आणि सुमारे ३०० शस्त्रक्रिया झाल्या. परंतु काही वर्षांतच वाट्या झिजल्या. झिजेच्या कणांमुळे भोवतालच्या ऊतींना अपाय झाला आणि सांधे सैल होऊन वेदना परतल्या. अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. शरीरावर या द्रव्याचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी चार्नली यांनी त्याचे नमुने स्वतःच्या मांडीत बसवून घेतले आणि आढळलेला अपाय वैद्यकीय नियतकालिकातून जाहीर केला.

१९६२ साली उच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन त्यांच्या प्रयोगशाळेत आले. चार्नली यांना त्याविषयी विशेष आशा नव्हती; तथापि त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनी झीज मोजण्याच्या यंत्रावर त्याची चाचणी घेतली. टेफ्लॉनच्या तुलनेत झीज फारच कमी निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या वाटीचा वापर सुरू झाला. पूर्वानुभव लक्षात घेऊन चार्नली यांनी अनेक वर्षे हा सांधा इतर शल्यचिकित्सकांना सरसकट उपलब्ध होऊ दिला नाही.

जंतुसंसर्गाविरुद्ध उपाय

विगनजवळील राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभारले. तेथे गाळलेल्या हवेची बंदिस्त शस्त्रक्रियाजागा आणि शल्यचिकित्सकाचा उच्छ्वास बाहेर ओढून घेणारा पोशाख वापरात आणला. जंतुसंसर्गाचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली आले.

सन्मान व वारसा

चार्नली यांना १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार व १९७७ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९७५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे सांध्यात वंगणसदृश द्रव्य टोचण्याचे उपचार प्रचारात आले, तरी कूर्चा पूर्ण झिजलेल्या खुब्यासाठी सांधेरोपण हाच प्रमुख उपाय राहिला आहे. धातूचा माथा आणि पॉलिएथिलीनची वाटी ही त्यांची जोडी सुधारित स्वरूपात आजही वापरली जाते.