एका मताची किंमत वसूल करणारे वॉल्टर व्हाइट

गोरा रंग, निळे डोळे, सोनेरी केस. वॉल्टर व्हाइट यांना पाहून कोणीही निग्रो म्हटले नसते. १८९३ साली अटलांटा शहरात एका पोस्टमनच्या घरी ते जन्मले. गोऱ्यांत मिसळून सुखाने जगणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांनी आपल्या समाजाशी नाते तोडले नाही. तेराव्या वर्षी त्यांनी अटलांटातील निग्रोंचे हत्याकांड डोळ्यांनी पाहिले होते. १९१८ मध्ये ते एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेत दाखल झाले. ज्या ड्यूबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले, ते याच संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. व्हाइट गोरे म्हणून दक्षिणेत फिरत आणि झुंडीने केलेल्या हत्यांची माहिती खुद्द मारेकऱ्यांकडूनच काढून घेत. १९१९ मध्ये आर्कान्सासमध्ये गुपित फुटले, तेव्हा आगगाडी गाठून ते कसेबसे बचावले.

परंतु सत्ताधाऱ्यांना त्यांची खरी ओळख पटली ती १९३० साली. रिपब्लिकन हा लिंकनचा पक्ष. गुलामगिरी संपविणाऱ्या पक्षाला निग्रोंनी पिढ्यान् पिढ्या मते दिली आणि पक्षाने ती गृहीत धरली. १९२८ मध्ये हूवर यांना दक्षिणेतील काही राज्ये मिळाली, तसा निग्रोंना पक्षाबाहेर ठेवू पाहणाऱ्या गोऱ्या गटाला जोर चढला. अशा वेळी मार्च १९३० मध्ये हूवर यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी नॉर्थ कॅरोलिनाचे जॉन पार्कर यांचे नाव पुढे केले. व्हाइट तेव्हा संघटनेचे हंगामी सचिव होते. दहा वर्षांपूर्वी गव्हर्नरपदाची निवडणूक लढविताना याच पार्कर यांनी निग्रोंचा राजकारणातील सहभाग अनिष्ट ठरविला होता. त्या भाषणाचे वृत्तपत्रीय कात्रण व्हाइट यांनी मिळविले आणि पार्कर यांना तार करून खुलासा मागितला. उत्तर आले नाही. मग व्हाइट सिनेटच्या समितीपुढे उभे राहिले. गावोगावच्या शाखांनी सभा घेतल्या, सिनेटरांकडे तारांचा पाऊस पाडला. पार्कर यांच्या एका निकालामुळे कामगार संघटनाही विरोधात होत्या, हेही सांगितले पाहिजे.

आता रिपब्लिकन पक्षातच जुंपली. राष्ट्राध्यक्षांची आज्ञा पाळावी की आपल्या राज्यातील निग्रो मतदार सांभाळावा? एकट्या कान्सास राज्याचे उदाहरण पाहा. तेथील दोन्ही सिनेटर याच पक्षाचे. पैकी हेन्री ॲलन पार्करच्या बाजूने, तर आर्थर कॅपर विरोधात. ७ मे रोजी मतदान झाले. बाजूने ३९, विरोधात ४१! एक मत फिरले असते तर बरोबरी झाली असती आणि निर्णायक मत हूवर यांच्याच उपराष्ट्राध्यक्षांच्या हाती गेले असते.

येथे थांबले असते ते व्हाइट कसले? कोणी कोठे मत दिले याची यादी त्यांच्याकडे होतीच. नोव्हेंबरच्या निवडणुकीत संघटनेने ॲलन आणि ओहायोचे मॅककुलक यांच्याविरुद्ध रान उठविले. दोघेही पडले, कॅपर मात्र निवडून आले. मंदीचा फटका रिपब्लिकनांना सर्वत्रच बसला होता, तेव्हा सारे श्रेय निग्रो मतांना देता येणार नाही. पण निग्रो मतदार आपल्याविरुद्ध मोजून मत देऊ शकतो, ही धास्ती पुढाऱ्यांना पहिल्यांदाच बसली.

इतिहास मात्र सरळ चालत नाही. पार्करच्या जागी आलेल्या ओवेन रॉबर्ट्स यांनीच १९३५ मध्ये टेक्सासच्या डेमोक्रॅटिक पक्षाला निग्रोंना प्राथमिक निवडणुकीतून वगळण्याची मुभा देणारा निकाल लिहिला. उलट पार्कर यांनी १९४० मध्ये निग्रो शिक्षकांना समान वेतनाचा हक्क दिला. १९४४ मध्ये संघटनेच्या वतीने थर्गूड मार्शल यांनी टेक्सासचा तो निकाल उलटवून घेतला. आठ न्यायाधीश एका बाजूला, रॉबर्ट्स एकटे दुसऱ्या. व्हाइट तेव्हाही सचिव होते आणि २१ मार्च १९५५ रोजी निधन होईपर्यंत त्याच पदावर राहिले.