प्रगतीचे माप राजर्षी शाहूंचे!

बदल झाला म्हणजे प्रगती झाली, असा समज आपल्या समाजात पक्का रुजवला गेला आहे. तो तपासायला राजर्षी शाहू महाराजांच्या चरित्राइतका चोख पुरावा आम्हांला दुसरा दिसत नाही.

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तोवर कोल्हापूर बदलले होते. 1891 साली रेल्वे आली होती, इंग्रजी शाळा होत्या, नव्या कचेऱ्या होत्या. पण दरबारच्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते! कचेरी नवी, खुर्चीवरचे जुनेच.

महाराजांनी ही मेख ओळखली. 26 जुलै 1902 च्या आदेशाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. पण शिकलेला उमेदवारच नसेल तर राखीव जागा कागदावरच राहणार. म्हणून वसतिगृहे उभी केली, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. 1918 मध्ये महार वतन रद्द करून वेठबिगारीचे जोखड काढले.

अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळांचे उदाहरण तर आमच्या वकील बंधूंनी मुद्दाम अभ्यासावे. जिथे अक्षरबंदी होती, तिथे वेगळी शाळा हासुद्धा मोठाच बदल होता. दुसरा राजा तेवढ्यावर समाधान मानून बसला असता. महाराजांनी 1919 मध्ये त्या शाळा बंद केल्या आणि ती मुले सर्वांच्या शाळेत, सर्वांच्या शेजारी बसवण्याचा हुकूम काढला. अक्षर मिळाले पण बरोबरी मिळाली नाही, तर तो बदल अपुरा, हे त्यांचे माप होते. पुढच्याच वर्षी माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वावर जाहीर विश्वास प्रकट केला. 6 मे 1922 रोजी, अवघ्या 47 व्या वर्षी, महाराज गेले.

हेच माप आज लावून पाहा. हाताने मैला साफ करायला लावण्यास मनाई करणारा 2013 चा कायदा आहे. तरी गटारात गुदमरून माणसे मरतात, आणि ती कुठल्या वस्तीतली असतात हे कळायला पंचनामा लागत नाही! शहरात मेट्रो धावते, हा बदल. त्याच शहराच्या गटारात एकाही माणसाला उतरावे लागणार नाही, ती प्रगती. ही मागणी कोर्टात आणि रस्त्यावर लावून धरणे, हेच राजर्षींना खरे अभिवादन!